तलावाला सुतक नसतं

भागरता गेली तेव्हा मी केशोरीकडच्या एका तलावात मांडीभर चिखलात उभा होतो. तिनेच पाठवलं होतं. आमच्या गावच्या तलावाचा उत्तरेकडचा काठ साफ करून, नांगरून ठेवलेला होता. पाऊस तोंडावर आला होता आणि तलाव भरायच्या आत त्या काठाला देवधान, गाद, पोवन ही पाण्यातली झाडं लावून व्हायला पाहिजे होती. काठ उघडा राहिला तर बेशरमीची झुडपं पुन्हा तिथे बसणार, हे गावातलं लेकरू सांगेल. म्हणून जिथे ही झाडं अजून शिल्लक आहेत तिथून ती आणायला मी आणि कवडू सकाळीच पिकअप घेऊन निघालो. कवडू आमच्या गावचा धिवर, मासेमारांच्या सोसायटीतला, माझ्याहून वयाने थोडा लहान. निघताना भागरता म्हणाली, "बुडखे मातीसकट काढा जी. अना वल्ल्या बोऱ्यात गुंडाळा. वाळवून आनाल तं घरात घेनार नाही." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. जाताना काही मोठं बोलून गेली असती तर बरं झालं असतं, असं भेटायला येणारे म्हणतात. मला तसं वाटत नाही. तिला जे बोलायचं होतं तेच ती बोलली.

दुपारी कवडूचा मोबाईल वाजला. त्याने ऐकून घेतलं, मोबाईल खिशात टाकला आणि पाण्याबाहेर निघायला लागला. "चाला भाऊ, घरी जाऊ." मी म्हटलं, "काऊन?" तर म्हणाला, "वहिनीले बरं नाही म्हन्तेत." कवडूला खोटं बोलता येत नाही. मी विचारलं, "मेली का?" तो हो म्हणाला. मी म्हटलं, "मंग बोरे भर आधी." उपटलेले बुडखे काठावर पडलेले होते. ते सगळे भरले, वरून पाणी मारलं, मग निघालो. बायको मरून पडली आणि हा माणूस गवत भरत बसला, अशी पुढे गावात लोकांनी नावं ठेवली. ठेवू दे. रिकामी गाडी घेऊन दारात उभा राहिलो असतो तर तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नसती. भरताना हात नीट चालले.

ती तलावावरूनच घरी आली होती. पाणी प्याली, ओसरीच्या भिंतीला पाठ लावून बसली. कवडूची बायको अनुसया सोबत होती. तिला वाटलं, डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी पोहोचलो तेव्हा आंगण माणसांनी भरलं होतं. कवडूने कुणाला न विचारता बोरे उतरवले आणि आंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सगळी झाडं सोडली. मसणवटीतून येऊन लोक त्या टाक्यावर हातपाय धुवायला गेले, तर पाणी हिरवं. कुणीतरी विचारलं, हे काय. भाताच्या लावणीला आमच्याकडे रोवणा म्हणतात. अनुसया म्हणाली, "तिचा रोवणा हाय तो. बाजूनं पानी घ्या."

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. लग्न होऊन ती आली तेव्हा आमचा तलाव तलावासारखा होता. काठाला देवधान उभं असायचं. देवधान म्हणजे तलावात आपोआप येणारा भात, कुसळं लांब, दाणा लालसर. ऋषीपंचमीच्या उपासाला बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, नांगर न लागलेल्या जागेतलं खातात. आमच्याकडे त्यासाठी देवधान. माझी आई टोपली घेऊन तलावात शिरायची आणि कणसं टोपलीत झोडून आणायची, तिच्यामागे भागरता शिरायला लागली. मग हळूहळू बेशरम वाढली. परसातल्या भाजीच्या वाडीला, सांदवाडीला, कुंपण म्हणून कुणीतरी कधीतरी आणलेली, गुलाबी फुलाची, गुरं तोंड न लावणारी. तिने आधी काठ घेतला, मग उथळ पाणी घेतलं, मग आतपर्यंत गेली. देवधान गेलं. त्यात अंडी घालणाऱ्या पाणकोंबड्या गेल्या. हिवाळ्यात येणारी बदकं वरच्यावर फेरी मारून दुसरीकडे उतरायला लागली. कवडूच्या जाळ्यात पूर्वी यायच्या त्या बोटऱ्या, मुऱ्या कमी झाल्या. आम्ही सगळे हे बघत होतो. बघणं काही अवघड काम नाही.

एका वर्षी पंचमीला तलावात मूठभरही देवधान मिळालं नाही. मी अर्जुनीच्या बाजारातून आणून दिलं. तिने शिजवलं, खाल्लं, ताट धुतलं आणि विचारलं, "हे कुठलं हाय जी?" मी म्हटलं, मला काय माहीत, दुकानदाराने दिलं. "ट्रकनं आलं असन," ती म्हणाली. "बैलाचे कष्ट नाही खाल्ले, ट्रकचे खाल्ले. आपल्या तलावात काऊन नाही?" मी म्हटलं, बेशरम आहे म्हणून नाही. ती म्हणाली, "मंग उपटाची." एवढंच. पुढच्या सोमवारी ती कोयता घेऊन निघाली, मग दर सोमवारी. सोबत अनुसया आणि माझी मोठी वहिनी, पुढे गावातल्या आणखी बायका. माझा मोठा भाऊ वारला त्याला फार वर्षं झाली. वहिनी या घरात आली तेव्हा मी चड्डीत फिरत होतो, म्हणून ती मला अजून अरे-तुरे करते. रीतभात, सोवळं, सणवार या बाबतीत आमच्या भावकीत तिचा शब्द शेवटचा. ती बेशरम तोडायला गेली ती भागरतावर नजर ठेवायला, असं मला अजून वाटतं.

तलाव सरकारचा. त्यावर हात लावायचा तर परवानगी पाहिजे, असं ग्रामपंचायतीत कुणी म्हणालं. मग बायका परवानगीसाठी तालुक्याच्या कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबाने चांगलं बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "रोजी नाही, मजुरी नाही, मग यात तुमचा फायदा काय?" भागरता म्हणाली, "सध्या तं बेशरमचाच फायदा होऊन राहिला साहेब. आमचा झाला तं सांगू." साहेब हसला. परवानगी मिळाली. पुढे एकदा तो स्वतः पॅन्ट दुमडून चिखलात उतरला आणि त्याचा बूट तिथेच राहिला. तो बूट उन्हाळ्यात सापडला तेव्हा अनुसयाने धुवून, पिशवीत घालून त्याला पोचवला.

पहिल्या वर्षीची चूक सांगतो, कारण ती आमच्याच गावात होऊ शकते. बायकांनी उन्हाळाभर बेशरम तोडली, उपटली, पारेवर ओढून आणली. तलावाच्या बांधाला आम्ही पार म्हणतो. पारेवर डोंगर झाला. गावातल्या लोकांनी बघितलं, एवढा माल फुकट पडला आहे. ज्याने त्याने खांद्यावर नेला आणि आपल्या सांदवाडीला नवीन कुंपण घातलं. गाव खूश. भागरता खूश, कारण पार मोकळी झाली. पाऊस पडला आणि सगळ्या गावाचं कुंपण हिरवं झालं. बेशरमीची काडी उलटी रोवा, सुलटी रोवा, ती जगते, म्हणूनच तर तिला ते नाव. श्रावणात घरोघरी गुलाबी फुलं आली. वरच्या आळीतलं पाणी सगळं तलावात उतरतं, त्या पाण्याने तुटक्या काड्या पुन्हा तलावात नेऊन सोडल्या. अनुसया पारेवर उभी राहून म्हणाली, "बाई, आपन तं नर्सरी लावली."

भागरता घरोघरी कुंपण परत मागायला गेली. कोण देणार? एका घरच्या म्हातारीने सांगितलं, "कुंपन ने. पन तुझं लुगडं बांधून जाय सांदवाडीले, नाहीतर शेळ्या शिरतील." भागरता परत आली आणि आमचंच कुंपण उपटायला लागली. मी म्हटलं, वांगी लागली आहेत, आठ दिवस थांब. ती थांबली नाही. शेळ्यांनी वांगी खाल्ली, मिरच्या खाल्ल्या, दोडक्याचा वेल मुळापासून खाल्ला. त्या पावसाळ्यात आम्ही वरण आणि भात खाल्ला, आणि मी तिच्याशी जेवढं भांडता येईल तेवढं भांडलो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं बोलून झालं का? बांबू आना." बांबूचं कुंपण झालं. ते बघून शेजाऱ्याने केलं. पुढच्या वर्षी अर्ध्या गावाने केलं. अर्ध्याने नाही केलं, अजून नाही केलं. पण तेव्हापासून नियम झाला की उपटलेली बेशरम जमिनीवर टाकायची नाही. खडकावर, मुळं वर करून, पार मरेपर्यंत वाळवायची आणि जाळायची.

नुसतं उपटून जागा मोकळी राहिली की ती परत येते, हे दुसऱ्या वर्षी कळलं. जागा भरली पाहिजे. कशाने भरायची ते कवडूला माहीत होतं. तळाशी गाद, वर तरंगणाऱ्या पानांचं पोवन, काठाला देवधान. माशांना लपायला आणि पाखरांना बसायला तिन्ही लागतात. पण लावायचं कसं? बायका म्हणाल्या, कसं म्हणजे, रोवणा लावतो तसंच. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की ट्रॅक्टर घालून काठ नांगरायचा, आणि पहिलं पाणी आलं की ओळीने, वाकून, मागे सरकत एकेक बुडखा अंगठ्याने चिखलात बसवायचा. भाताच्या बांधीत करतो ते तलावात केलं, एवढंच.

इथे वहिनीने हरकत घेतली. "काठ नांगरला ना तुमी? मंग त्यातलं देवधान पंचमीले कसं चालन?" ज्याच्यासाठी एवढी मेहनत केली तेच खाता येणार नाही. अनुसया म्हणाली, "ट्रॅक्टरनं नांगरलं बाई. उपास तं बैलाचा हाय." वहिनी ऐकेना. नांगर तो नांगर. मला वाटलं आता काम मोडलं. भागरता म्हणाली, "वहिनी बरोबर बोलून राहिली. आपन लावलेलं आपन नाही खाचं. ते पाखरांचं. त्याचं बी पडून जे आपोआप उगवन, ते आपलं." वहिनीला हे पटलं. तेव्हापासून लावलेल्या काठाला कुणी टोपली घेऊन जात नाही. पहिली काही वर्षं सगळंच लावलेलं होतं, म्हणजे सगळंच पाखरांचं. पाणकोंबड्या आल्या. अडई बदकं शिट्ट्या मारत उतरली आणि राहिली. कमळपक्षी लांब बोटांनी पोवनाच्या पानावर चालताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पान बुडालं नाही. सारस मात्र आला नाही. जिल्ह्यात आहे, दुसऱ्या तलावांवर दिसतो म्हणतात. आमच्याकडे आला नाही आणि येईलच असं मी लिहिणार नाही. भागरता म्हणायची, "त्याले बोलवाले जायाचं नाही. घर साफ ठेवाचं."

दक्षिणेचा काठ झाला, सांडव्याकडचा झाला. यंदा उत्तरेचा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात वाईट. अख्खा उन्हाळा त्यात गेला. ती म्हणायची, हा काठ झाला की तलाव गोल पूर्ण होतो, मग बेशरमीला बसायला जागा नाही. नांगरून झाला आणि ती गेली.

राख सावडून झाली. घरात मुलगी मंजू आली होती, ती रडायची आणि मला जेवायला लावायची. मी आंगणात बसून टाक्याकडे बघायचो. कवडू आला, टाक्यात हात घातला, वास घेतला. "भाऊ, गाद सडून राहिली. फार तं दोन-चार दिवस निघन." वरून नाला वाहायला लागला होता आणि तलावात पाणी चढत होतं. अजून गुडघ्याखाली होतं. कमरेवर गेलं की रोवता येत नाही. यंदा राहिलं तर काठ गेला, आणि उन्हाळ्याचं सगळं काम गेलं.

पण सुतक. आमच्यात सुतकात मातीत काही लावत नाहीत. बी टाकत नाहीत, रोवत नाहीत, वृंदावनात तुळससुद्धा नाही. आणि तिच्या गटातल्या अर्ध्याहून जास्त बायका आमच्याच भावकीच्या, म्हणजे त्या सगळ्या सुतकात. मी उठून वहिनीकडे गेलो. ती ओसरीत बसून होती, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "वहिनी, बांधी माझी हाय, तिले सुतक लागन. तलाव सरकारचा हाय. सरकारले कायचं सुतक?"

"तलाव सरकारचा असन," ती म्हणाली. "हात तं तुझेच हायत ना?"

कवडू मागे उभा होता. तो म्हणाला, "आमचे हात तं मोकळे हायत." वहिनी म्हणाली, "मंग तुमी रोवा, कोन नाही म्हन्ते?" मी विचारलं, मी झाडं वाहून नेली तर चालेल का? ती म्हणाली, "वाहाले चालन. चिखलात ठेवाचं नाही. हातात द्याचं." आणि उपटायला? "उपटाले चालन. लावाचं नाही." असा निवाडा झाला.

दुसऱ्या सकाळी पारेवर गेलो. अनुसया आणि धिवरांच्या दोघी-तिघी बायका होत्या, बाकीच्या मासोळी विकायला बाजारात गेलेल्या. म्हणून कवडूने सोसायटीची माणसं आणली. आमच्या भागात पुरुष नांगरतो, चिखल करतो, बांधीत पेंढ्या फेकतो. रोवणा बायकांचा. या माणसांनी जन्मात अंगठ्याने काही रोवलं नव्हतं. पाण्यातून झाड काढायला सांगा, डोळे मिटून काढतील. सुतकातल्या आमच्या बायका पारेवर बसल्या, नवीन फुटलेली बेशरम उपटायचं निमित्त करून. मी टोपली घेऊन मधे उभा.

रोवणा सुरू झाला. एक ओळ लावून मागे सरकले, तोवर अर्धी ओळ तरंगून वर आली. पारेवरून आवाज आला, "कवडूभाऊ, तुमचा मासा पळून राहिला बघा." कुणी खुदकन हसलं. दुसरी म्हणाली, "जाळं फेकल्यासारखं नका फेकू जी, जरा दाबा." सोसायटीचा एकजण वैतागून म्हणाला, "मंग या ना तुमी." "आमाले सुतक हाय बापा, नाहीतर दाखवलं असतं." आता उघड हसायला लागल्या. अनुसया कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई गेली त्या घरचे हसून राहिले." तेव्हा हसू थांबलं, त्या बेशरम उपटायला वाकल्या. गाद पुन्हा वर आली आणि वाहत मधे निघाली.

वहिनी सगळ्यांच्या मागे बसली होती, तोंडाला पदर लावून. तिने पदर काढला. "अंगठा," ती म्हणाली. "अंगठा घाल रे. बोटानं चिखल नाही धरत." समोरच्या माणसाने अंगठा घातला. बुडखा आडवा झाला. "सरळ. तिरपा नाही, सरळ." परत तरंगला. मग वहिनी उठली. चपला बाजूला काढल्या, लुगडं खोचलं आणि पारेवरून खाली उतरायला लागली. या वयात तिला उतरताना माझा हात लागतो, तो तिने घेतला नाही. पाण्यात येऊन तिने माझ्यापुढे हात केला. मी म्हटलं, "वहिनी, सुतक?"

"दे ते इकडे."

"अवो पन सुतक..."

"नांगर कवा लागला? ती जिती असताना लागला ना? मंग रोवणा तवाच धरला. धरलेल्या कामाले सुतक नाही लागत." तिने माझ्या हातातला बुडखा ओढून घेतला. "मले आधी आठवलं नाही. तू तरी आठवाचं होतं."

तिने वाकून तो बसवला. तो बसला. तिने दुसरा मागितला. पारेवरच्या बायका एकेक करून उतरल्या. सोसायटीची माणसं बाजूला झाली आणि पेंढ्या देऊ लागली, जे त्यांचं काम. ओळ धरली गेली आणि मागे मागे सरकू लागली. ओळीत कोण कुठे उभं राहतं हे वर्षांनुवर्षं ठरलेलं असतं. काठाकडचं टोक भागरताचं. तिथे अनुसया उभी राहिली आणि दिवसभर तिने मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत काठ झाला. सगळा नाही. उत्तरेच्या काठाचा सांडव्याकडचा कोपरा राहिला, कारण तेवढी झाडं टाक्यात सडली होती.

हे वाचून कुणी म्हणेल, बुढ्याने सुतक मोडलं. आमच्या गावातही म्हणाले. तेरवीला दोन घरचे जेवायला आले नाहीत. वहिनीने त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण पुढच्या सोमवारी त्यातल्या एका घरची सून तलावावर होती. सोमवार चालू राहिला. मला एवढंच पाहिजे होतं. भागरता गेली आणि तिचं काम मोडलं, असं कुणी म्हणायला नको.

आता पाणी पुरतं चढलं आहे. देवधानाची पानं पाण्यावर हातभर आली आहेत. गाद दिसत नाही, पण कवडू म्हणतो धरली. जिथे सोसायटीच्या माणसांनी रोवलं तिथे मधे मधे भगदाडं आहेत आणि त्या भगदाडांत बेशरमीचे कोंब आलेत. मी रोज सकाळी जातो. खोल पाण्यात जाऊ नका, असं मंजू फोनवर सांगते, कवडूच्या फोनवर. मी हो म्हणतो. राहिलेल्या कोपऱ्यासाठी पुढच्या उन्हाळ्यात झाडं कुठून आणायची ते ठरवलं आहे. मी नसलो तर कवडूला रस्ता माहीत आहे.

मागच्या आठवड्यात कागदाच्या कामासाठी अर्जुनीला गेलो होतो. परतताना एसटीची वाट बघत उभा होतो, तर स्टँडच्या मागच्या नालीत बेशरम दिसली, कोवळी, चार पानांची. भागरता सोबत असली की हेच व्हायचं. लग्नाला निघालो असू, दवाखान्यात निघालो असू, रस्त्याच्या कडेला दिसली की ती वाकायचीच, आणि मी पुढे जाऊन उगीच दुसरीकडे बघत उभा राहायचो. मी वाकलो. मुळं लांब गेली होती, ओढायला वेळ लागला. तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, काही हरपलं का?" मी म्हटलं, नाही. चढलो. आता ही टाकायची कुठे? जमिनीवर टाकली तर धरेल. खिडकीतून टाकली तर धरेल. तशीच हातात घेऊन बसलो, मुळं वर करून. शेजारी एक पोरगी बसली होती, कॉलेजची. तिने विचारलं, "काका, औषधी आहे का?" "नाही पोरी, बेशरम हाय," मी म्हटलं. ती जरा सरकून बसली.

आमच्या ओसरीत, दाराच्या बाजूला एक खिळा आहे. रस्त्यात उपटलेली बेशरम भागरता तिथे उलटी टांगायची, पूर्ण मेली की चुलीत. तिने शेवटी टांगलेल्या काड्या अजून तिथे आहेत. वाळून काळ्या झाल्या, बोटाने दाबलं तर तुटतात, त्यांच्यात आता काही जीव नाही. मी माझी त्याच खिळ्याला टांगली. माझी वाळली की मी ती चुलीत घालीन. तिच्या तिथेच राहू दिल्या आहेत.